पुंडलिक मिस्त्रींचा डावा कान

अकरा मार्च. सकाळचे साडेनऊ. मी हेडफोनच्या गाद्या ओल्या फडक्याने पुसत होते. स्पिरिट लावलं की गाद्यांना भेगा पडतात, म्हणून साधं साबणपाणी. पुसून झालं की ते हेडफोन स्वतःच्या कानाला लावायचे आणि मशीनचे सगळे आवाज एकदा ऐकायचे, खालच्या घुमण्यापासून वरच्या शिट्टीपर्यंत. आधी डावा कान, मग उजवा. पहिला पेशंट यायच्या आधी हे काम मी बावीस वर्षं रोज करते. जळगावात एका कान-नाक-घसा डॉक्टरांच्या दवाखान्यात मी कान तपासते. मंगळवारी त्यांच्याच धुळ्याच्या दवाखान्यात. औषध देणं माझं काम नाही. कोणाला किती ऐकू येतं, कुठल्या कानाने आणि कुठल्या सुरात, हे मोजून कागदावर आलेख काढायचा, एवढंच माझं काम.

दोन्ही कान ऐकून झाले, मशीन ठीक होतं. हेडफोन काढले तर दारात एक माणूस उभा. पन्नाशी ओलांडलेला, खाकी शर्ट, नखांच्या कडेला मुरलेलं काळं ग्रीस. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत चार घड्या घातलेला माझाच रिपोर्ट. चेहरा पाहिल्यासारखा वाटला, नाव आठवेना.

"ताई, हाई तुम्हीच लिखेल शे ना?"

"मीच. का?"

"मंग माले समजाडी सांगा. मी काय खोटं बोलनू?"

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. चढलेल्या आवाजाला उत्तर देण्याची सवय आहे. मी कागद उघडला. तीन आठवड्यांपूर्वीचा. नाव पुंडलिक, सही माझी. सहीच्या वर मी इंग्रजीत एक ओळ लिहिली होती. तिचा मराठीत अर्थ असा, की या माणसाचे प्रतिसाद विश्वासार्ह नाहीत.

त्या ओळीमुळे पुंडलिक मिस्त्री औद्योगिक वसाहतीतल्या एका दालमिलच्या मशीनवरून उठून गेटवर, वॉचमनच्या खुर्चीत जाऊन बसले होते.

आमची तपासणी कशी असते ते आधी सांगते. एक लहानशी खोली, भिंतींना फोम, दार बंद केलं की रिक्षांचे हॉर्न पुसट होतात. पेशंट आत, मी काचेच्या बाहेर. त्याच्या कानाला हेडफोन, हातात बटण. "आवाज आला की दाबा, कितीही बारीक आला तरी दाबा." मग मी एकेका सुरात आवाज कमी कमी करत नेते. जिथे बटण थांबतं, ती त्या सुरातली त्याची हद्द. खरा माणूस असेल तर दुसऱ्यांदा तपासलं तरी हद्द तिथेच येते. खोटा असेल तर ती सरकते, कारण मघाशी आपण कितपत बहिरे होतो हे त्याला लक्षात ठेवता येत नाही.

खोटे पुष्कळ येतात. दाखला हवा असतो, बदली टाळायची असते, अपघाताच्या खटल्यात काही दाखवायचं असतं. एक गृहस्थ आले होते, दोन्ही कानांनी ठार बहिरे. बरोबर मेव्हणा, तोच सगळं बोलणार. तपासणीत त्यांनी एकदाही बटण दाबलं नाही. मी दार उघडलं आणि त्यांच्या पाठीमागून, पंख्याच्या आवाजाखाली जाईल अशा स्वरात म्हटलं, "चहा घेणार का?" ते म्हणाले, "बिनसाखरेचा." मेव्हण्याने कपाळाला हात लावला. मी चहा मागवला, दिला, आणि रिपोर्टवर लिहायचं ते लिहिलं.

अशा लोकांना पकडण्यात मी तरबेज आहे, असं दवाखान्यात बोललं जायचं. मलाही ते आवडायचं. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढची चूक तिथूनच झाली.

आता कानात वाजण्याबद्दल. डोक्याला मार लागल्यावर पुष्कळांच्या कानात आवाज सुरू होतो. कोणाला शिट्टी, कोणाला रातकिडे, कोणाला कुकरची वाफ. आतल्या कानात बारीक केसांसारख्या पेशी असतात, ठरावीक पेशी ठरावीक सुरासाठी. हादऱ्याने त्यांतल्या काही मरतात. मग त्या सुराचा आवाज बाहेरून पोचेनासा होतो, आणि मेंदू म्हणे ती जागा रिकामी ठेवत नाही, स्वतःच वाजवत बसतो. आम्हाला असं शिकवलं. पुरतं कोडं अजून कोणाला उलगडलेलं नाही. यावर खात्रीचं औषध नाही, हे मी पेशंटला पहिल्याच भेटीत सांगते. त्यामुळे काही जण परत येत नाहीत. काही जण लसणाचं तेल गरम करून कानात ओतून मग येतात.

एक मात्र होतं. बाहेर त्याच जातीचा आवाज असला, की आतला आवाज त्याखाली झाकला जातो. धुळ्याच्या एक बाई जिन्यावरून पडल्या होत्या, तेव्हापासून कानात सूं सूं. त्या रोज दुपारी गल्लीतल्या पिठाच्या गिरणीत जाऊन बसायच्या. दळण नसलं तरी. गिरणीवाला कंटाळून म्हणाला, अक्का, रोज कसलं दळण आणता? त्या म्हणाल्या, तू तुझं जात्यात बघ, मी माझं बघते. त्यांना ते कोणी शिकवलेलं नव्हतं. मी त्यांना घरी पंखा लावून बसायला सांगितलं, तर म्हणाल्या, पंख्यात ती मजा नाही. बरोबर होतं त्यांचं. पंख्याचा सूर खालचा, त्यांच्या कानातला वरचा.

हे सगळं मला माहीत होतं. तरी पुंडलिक मिस्त्रींच्या बाबतीत मी काय केलं ते पाहा.

मिस्त्री मूळचे पारोळ्याकडचे, माझ्या माहेराजवळचे. तीस वर्षं दालमिलमध्ये. भाचीच्या लग्नाला मोटारसायकलवर निघाले होते. सोनगीरच्या अलीकडे हायवेवर पुढच्या ट्रॉलीतून पाइप घसरला, त्यांनी ब्रेक दाबला आणि डोक्यावर पडले. हेल्मेट हँडलला अडकवलेलं होतं. हँडलला काही झालं नाही. धुळ्याला चार दिवस दवाखान्यात काढले. स्कॅन चांगला आला, घरी सोडलं. महिनाभराने मिलच्या शेठने मशीनवर घेण्याआधी कान तपासून आणायला सांगितलं आणि मिलच्या पाकिटात चिठ्ठी दिली.

अपघात, चिठ्ठी आणि मिलचं पाकीट. या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की मी पेशंटकडे संशयानेच बघायचे. त्या दिवशी बाहेर बाकड्यावर गर्दी होती. कानात आवाज येतो का, हा माझ्या फॉर्मवरचा पहिला प्रश्न आहे. मी तो विचारला नाही. थेट खोलीत बसवलं, बटण दिलं.

डाव्या कानाला वरच्या सुरात मिस्त्रींनी गोंधळ घातला. मी आवाज सोडलेलाच नसताना बटण दाबलं. सोडला तेव्हा दाबलं नाही. दुसऱ्यांदा घेतलं तर हद्द भलतीकडे. मी तिसऱ्यांदा घेतलं नाही. मनात म्हटलं, आला बिनसाखरेचा चहा. आणि ती ओळ लिहिली.

तर अकरा मार्चला मिस्त्रींना खुर्ची दिली आणि विचारलं, "तुम्ही आवाज नसताना बटण का दाबत होतात?"

"तुम्ही सांगं, आवाज उना का दाबा," मिस्त्री म्हणाले. "मना कानमा तं तो बंदच व्हत नही. मंग मी दाबू तं कव्हय दाबू?"

मी जुना आलेख पुन्हा उघडला.

"मी म्हणनू, म्याडम हुशार शे. त्यास्ले ठाऊक व्हई."

मिस्त्री अहिराणीतच बोलत होते. मला ती घरची आहे, पण पुढचं त्यांचं बोलणं बरंचसं साध्या मराठीत देते, म्हणजे सगळ्यांना कळेल.

चूक साधी होती. ज्याच्या कानात आधीच शिट्टी वाजतेय, त्याला मी तशीच सलग शिट्टी ऐकवत होते. कुठली माझी आणि कुठली त्याची, हे त्याने कसं ओळखावं? अशा पेशंटला आवाज तुटक द्यायचा असतो, टिक-टिक-टिक असा, म्हणजे आतल्या सलग आवाजातून तो वेगळा निघतो. मशीनवर त्यासाठी बटण आहे. एक बोट लांब. दाबलं की झालं.

मी डॉक्टरांना सांगून मिस्त्रींची तपासणी तिथेच पुन्हा लावली. पहिला नंबर ज्यांचा होता त्या आजोबांना थांबायला सांगितलं. ते म्हणाले, "मी थांबतो, मला कुठे ऐकू येतंय कोण आधी गेलं ते."

खोलीत बसल्यावर दोन मिनिटांत मिस्त्रींनी काचेवर टकटक केली.

"ताई, उजव्या बाजूची वायर गेलीय."

"आत्ताच तपासलीय मी."

"मान फिरवली की खरखर येते. बघा."

मी हेडफोन घातले, मान डावीकडे वळवली. बारीक, अगदी बारीक खरखर. पुढे आमच्या मेकॅनिकने वायर सोलली तेव्हा आत तांब्याच्या दोनच तारा शाबूत होत्या. बावीस वर्षं मी रोज सकाळी ऐकतेय आणि बावीस वर्षं मान न हलवता ऐकतेय. पेशंट मान हलवतात.

दुसरा हेडफोन जोडून तपासणी केली. तुटक आवाजावर मिस्त्रींचं बटण असं चाललं, की मी इतक्या वर्षांत इतका पक्का प्रतिसाद क्वचित पाहिलाय. दोनदा घेतलं, तिसऱ्यांदा घेतलं. हद्द सुईएवढीही हलली नाही. उजवा कान वयाच्या मानाने उत्तम. डाव्यात खालचे सूर ठीक, वरचे पुष्कळ मोठ्याने दिले तरच पोचणारे.

मग त्यांच्या कानातली शिट्टी कुठल्या सुराची आहे ते शोधायला घेतलं. मी एकेक सूर ऐकवते, पेशंटने सांगायचं, जवळ आला की लांब. लोक इथे अर्धा तास घेतात आणि शेवटी म्हणतात, तुम्हीच काय ते लिहा. मिस्त्रींनी चौथ्या सुराला हात वर केला. "हाच. पण जरा खाली." मी जरा खाली आणला. "बस."

"कशासारखा वाटतो?"

"तशी पद्धत आहे का लिहायची?"

"आहे. लोक रातकिडे म्हणतात, कुकर म्हणतात."

मिस्त्री म्हणाले, "मग लिहा, बेअरिंगचं ग्रीस सुकल्यावर, ते जाम व्हायच्या चार दिवस आधी."

मी पेन खाली ठेवलं. त्यांनी समजावून सांगितलं. दालमिलमध्ये सगळं फिरतं. तूर वर नेणारा एलेव्हेटर, चाळण्या, साल काढणारे रोल. प्रत्येक फिरत्या दांड्याच्या दोन टोकांना बेअरिंग. त्यातलं ग्रीस सुकलं की बेअरिंग आधी बारीक शिट्टी घालतं, मग तापतं, मग जाम होतं. पट्टा घासायला लागतो. हवेत डाळीची भुकटी असते, ठिणगी पडली तर पेटते. म्हणून मिस्त्री रोज दोनदा फेरी मारतात. हातात सागाचा हातभर दांडा. एक टोक बेअरिंगच्या टोपीवर, दुसरं कानाच्या तोंडाशी. लाकूड तापत नाही आणि आवाज मात्र आणून देतं. तीस वर्षांत त्यांच्या हाताखालचं एकही बेअरिंग न सांगता जाम झालेलं नाही.

"कुठल्या कानाला लावता?"

"डाव्या. उजवा हात मोकळा लागतो, पान्याला."

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्यांनी नर्सला पहिलं वाक्य काय म्हटलं असेल, तर वरच्या पंख्याचं बेअरिंग गेलंय, पंखा बंद करा. नर्सने ऐकलं नाही. त्यांनी वॉर्डातल्या एकाला पटवून पंखा बंद करवला. डासांचा सुळसुळाट, सगळा वॉर्ड ओरडायला लागला. पंखा पूर्ण थांबला. पाती दिसायला लागली. आणि शिट्टी चालूच.

"तव्हय समजनं, ताई," मिस्त्री म्हणाले. "पंखा चांगला शे. मीच बिघडनू." मग म्हणाले, "तीस वर्षं ज्या आवाजामागे हिंडलो, तोच घरात येऊन बसला."

मी रडणारी बाई नाही आणि मिस्त्रीही त्या सुरात बोलत नव्हते. ते एखाद्या यंत्राची हकीगत सांगावी तसं सांगत होते. मी नवा रिपोर्ट लिहिला, जुन्यावर रेघ मारून बाजूला सही केली, "तपासणीची पद्धत चुकली होती" असं लिहिलं, आणि त्यांच्यासमोरच शेठना फोन लावून तो वाचून दाखवला.

शेठ शांत माणूस. म्हणाले, "मॅडम, एका कागदावर एक लिहिलंय, दुसऱ्यावर दुसरं. मी कुठल्या कागदावर मिल सोडू?"

"दुसऱ्या."

"त्यात काय लिहिलंय, डाव्या कानाला बारीक आवाज येत नाही आणि त्या जागी शिट्टी वाजते. बेअरिंगची शिट्टी आणि त्याची शिट्टी एकच असली तर तो ओळखणार कसा? अकरा माणसं काम करतात माझ्याकडे. मिस्त्री माझ्या वडिलांच्या वेळचा आहे. त्याला गेटवर बसवताना मला काय बरं वाटलं?"

खरं तर त्यांचं म्हणणं माझ्या पुस्तकात बसणारं होतं. मी फोनवर हात ठेवून मिस्त्रींना सांगितलं. मिस्त्री म्हणाले, "शेठना म्हणा, शनिवारी बघा. तुम्हीही या."

"उजव्या कानाने ऐकणार का?"

"या तर खरं."

शनिवारी दुपारी रिक्षाने मिलवर गेले. दुपारचा एक वाजलेला, आवारात तूर वाळत पसरलेली, पाय ठेवायला वाट शोधावी लागत होती. आत बोलायचं तर ओरडावं लागतं. शेठ, दुसरा फिटर आणि मी. मिस्त्री गेटवरून आले. वॉचमनची टोपी खुर्चीवर ठेवून आले, हे मी पाहिलं. खिशात खडू, हातात दांडा.

त्यांनी पहिल्या बेअरिंगवर दांडा टेकवला आणि दुसरं टोक डाव्याच कानाला लावलं. शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी मिस्त्रींच्या जवळ जाऊन ओरडले, "उजवा लावा. डाव्यात शिट्टी आहे ना."

त्यांनी हाताने थांबा म्हटलं. चौदा बेअरिंग होती. एकेकाशी डोळे मिटून दहा मोजेपर्यंत उभे राहायचे. पाचव्याशी जास्त थांबले. दांडा उचलला, पुन्हा टेकवला, पुन्हा उचलला. खडूने फुली मारली. मग अकराव्यावर तसंच. दोन फुल्या. मशीन बंद करायला सांगितलं.

पट्टे थांबले. शांत झाल्यावर मी विचारलं, "कसं ओळखलंत?"

"गेटवर बसून बसून कळलं. जेवणाच्या सुट्टीत गेटसमोरच्या पिठाच्या चक्कीजवळ डबा खातो. चक्कीची मोटर जुनी आहे. तिच्याजवळ बसलं की माझी शिट्टी गायब. लांब गेलो की परत. मग म्हटलं, असं आहे होय. चांगल्या बेअरिंगवर दांडा लावला तर माझी शिट्टी मला ऐकू येतच राहते. बिघडलेल्यावर लावला की त्याची शिट्टी माझ्या शिट्टीला गिळते. आता मी बेअरिंग ऐकतच नाही, ताई. माझी कुठे बंद पडते ते बघतो."

मी बावीस वर्षं लोकांना सांगत आले, की बाहेरचा आवाज आतल्याला झाकतो, तेव्हा पंखा लावून झोपा. धुळ्याच्या अक्का कोणी न सांगताच गिरणीत जाऊन बसल्या. आणि या माणसाने तेच उलटं फिरवून त्याचं मोजमाप केलं. जो बिघाड घेऊन तो माझ्याकडे आला होता, त्यालाच हत्यार करून तो कामावर उभा होता. हे कुठल्या पुस्तकात नाही. माझ्या रिपोर्टच्या कुठल्या रकान्यातही बसणार नाही.

पण अजून त्या दोन बेअरिंगच्या टोप्या उघडायच्या होत्या.

फिटरने पाचवं उघडलं. ग्रीस करपलेल्या गुळासारखं काळं, घट्ट. शेठनी मान हलवली. मग अकरावं. ग्रीस पिवळं, मऊ, दोन-तीन दिवसांपूर्वी भरल्यासारखं. फिटर म्हणाला, "हे तर मीच भरलंय, बुधवारी." शेठनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत तोच प्रश्न होता, की मॅडम, मी कुठल्या कागदावर मिल सोडू.

मीही मनात म्हटलं, चुकलं. एक बरोबर, एक चूक. एवढ्यावर कोणी माणसाला मशीनवर घेत नाही, आणि घेऊही नये. मी तोंड उघडलंही होतं.

मिस्त्री फिटरला म्हणाले, "पुशी काढ ना भो. पुशीसन हातवर फिरव."

फिटरने रॉकेलमध्ये बुडवून बेअरिंग धुतलं, फडक्याने पुसलं, बोटावर घेऊन हळूच फिरवलं. एका जागी ते किंचित अडखळलं. त्याने उजेडात धरलं. आतल्या कडीवर तुरीच्या अर्ध्या दाण्याएवढा खड्डा होता. नवं ग्रीस त्यावर मलम लावल्यासारखं बसलेलं. फिटर जाणता माणूस होता. तो म्हणाला, "हे माझ्या हाताला कळलं नसतं, आबा."

शेठनी ते बेअरिंग स्वतःच्या तळहातावर घेतलं आणि बराच वेळ फिरवत राहिले. मग म्हणाले, "मिस्त्री, आता गेटवर कोणाला बसवू?"

"तुमच्या मेव्हण्याला," मिस्त्री म्हणाले. "तसाही तो बसलेलाच असतो."

शेठ हसले. फिटर तोंड फिरवून हसला, कारण मेव्हणे ऑफिसच्या दारात उभे होते.

मी हसून झाल्यावर माझं काम केलं. शेठना सांगितलं, की ही युक्ती आज चालली, उद्या चालेलच असं मी लिहून देणार नाही. कानातला आवाज बदलतो. कधी वाढतो, कधी सूर सरकतो. म्हणून दर सहा महिन्यांनी तपासणी, आणि तोवर फिटरनेही उष्णता हाताने तपासायची. मिस्त्रींना सांगितलं, मिलमध्ये असताना दोन्ही कानांना संरक्षक टोप्या लावायच्या, कापूस नाही, कापसाने काही होत नाही. उजवा कान एकच उरलाय.

"मंग ऐकू कसा?"

"दांडा लावताना काढायच्या. एरवी घालायच्या. आणि हेल्मेट डोक्याला."

"हँडलले नही?"

"हँडलला नाही."

मी रिक्षात बसले तेव्हा मिस्त्रींनी दांडा बाहेरून माझ्या हातात दिला. म्हणाले, ठेवा, मी दुसरा करून घेईन. मी नको म्हटलं नाही.

घरी जाईपर्यंत मला त्यांचं कौतुक वाटत होतं, आणि त्याच वेळी दुसरं एक टोचत होतं. मिस्त्री परत आले, कारण ते मिस्त्री होते. आवाज कुठून येतो हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. कागदावर चूक आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि मॅडमच्या दारात उभं राहून विचारायची त्यांची छाती होती. बाकीचे? बावीस वर्षांत ती इंग्रजी ओळ मी किती जणांच्या कागदावर लिहिली असेल? त्यांत बिनसाखरेचा चहा मागणारे होतेच. पण सगळेच नसतील. ज्यांना ती ओळ वाचताच आली नाही, ते कशाला परत येतील?

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दवाखाना बंद असतो, पण किल्ली माझ्याकडे असते. सकाळी आठला उघडला. सवयीने हेडफोन पुसले, कानाला लावले, आणि या वेळी प्रत्येक सुराला मान डावीकडे, उजवीकडे, खाली, वर फिरवून ऐकलं. सागाचा दांडा टेबलावर ठेवला. मग कपाट उघडून मागच्या पाच वर्षांच्या फायली जमिनीवर काढल्या आणि ती ओळ असलेले कागद वेगळे करत गेले. त्यातून डोक्याला मार लागलेले आणखी वेगळे केले. सात निघाले. सातही जणांच्या फॉर्मवर पहिल्या प्रश्नापुढची जागा कोरी होती.

फोन टेबलावर घेतला. पहिला नंबर सोनगीरच्या एका बाईंचा होता. त्यांनीच उचलला.

"कोण बोलतंय?"

"जळगावच्या कानाच्या दवाखान्यातून. तुमची तपासणी माझ्याकडून चुकली होती. परत करायची आहे. पण आधी एक विचारायचं राहिलं होतं," मी म्हटलं, आणि कोरा फॉर्म पुढे ओढून पेनाचं टोपण काढलं.